संग्राहकांचे संमेलन आणि लेखकाचे नाव

‘संमेलन’ हा शब्द मराठी वाचकाच्या मनात जी प्रतिमा उभी करतो ती मूलतः लेखकाची आहे. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात भरलेली सभा ‘ग्रंथकारां’ची होती, वाचक तेथे फार तर श्रोता म्हणून गृहीत धरलेला होता. पुढे या सभेचे साहित्य संमेलन झाले, ग्रंथदिंडी आली, परिसंवाद आले, मंडपाबाहेर ग्रंथविक्रीचे गाळे आले. परंतु अध्यक्षाचे भाषण हेच केंद्र राहिले. गाळ्यांवर किती पुस्तके खपली याची चर्चा संमेलन उठल्यावर होते, आणि तीही काहीशा संकोचाने.

अमेरिकेत १९६४ पासून भरत आलेल्या कॉमिक-संमेलनांची रचना नेमकी याच्या उलट होती. तेथे विक्रीचे दालन मध्यभागी आणि व्यासपीठ कडेला. तेथे आधी आला तो संग्राहक. लेखक मागाहून आला. किंबहुना त्याला शोधून आणावे लागले. प्रस्तुत लेखाचा विषय हे ‘शोधून आणणे’ हा आहे. कॉमिक जमवणाऱ्या माणसाकडे समीक्षा सहसा दोन प्रकारे पाहते. एक तर तो बालपण न सुटलेला हौशी असतो, नाही तर वस्तुपूजेने ग्रासलेला ग्राहक. दोन्ही वर्णनांत तथ्य आहे, आणि दोन्ही वर्णने अपुरी आहेत. कॉमिक या प्रकाराला ‘लेखक’ ही कोटी ज्याने मिळवून दिली तो हाच माणूस होता. आणि पुढे लेखकाच्या सहीलाच डाग ठरवणारी व्यवस्था उभी राहिली तीही त्याच्याच आधाराने. या दोन गोष्टी एकाच वृत्तीतून कशा निघाल्या, हा मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे.

‘चित्रकथा’ हा शब्द मी येथे जाणीवपूर्वक टाळतो. त्यातून कथेची जात कळते, वस्तूची नाही. संग्राहक जे विकत घेतो तो स्वस्त कागदावर छापलेला, मध्ये दोन पिना मारलेला, विशिष्ट महिन्याचा विशिष्ट क्रमांकाचा अंक असतो. तीच कथा नंतर जाड पुठ्ठ्याच्या ग्रंथात पुनर्मुद्रित झाली तर तिच्यात त्याला रस नसतो, किंवा असलाच तर वाचण्यापुरता. हा भेद वरवर पाहता हास्यास्पद वाटतो. पोथ्यांच्या प्रती ताडून पाहणाऱ्या आपल्या परंपरेला तो हास्यास्पद वाटू नये.

साठच्या दशकापूर्वी अमेरिकेतील कॉमिक अंक ही टिकण्यासाठी निर्माण झालेली वस्तू नव्हती. दुसऱ्या महायुद्धात रद्दी कागद गोळा करण्याच्या मोहिमांत असंख्य अंक लगद्यात गेले. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, आणि भेदरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. ज्या घरांत तोवर अंक उरले होते तेथे ते फेकून देण्याला आता नैतिक अधिष्ठानही मिळाले. अंकांवर लेखक-चित्रकारांची नावे बहुधा नसत. जी असत ती फसवी असत. डिस्नेच्या बदकांच्या कथांवर वॉल्ट डिस्नेचे नाव असे. बॅटमॅनच्या कथांवर बॉब केनची सही असे, मग त्या कोणीही लिहिलेल्या आणि कोणीही काढलेल्या असोत. म्हणजे ज्या वस्तूला आयुष्य नाही आणि जिला जनकाचे नाव नाही अशी ही वस्तू होती. तिला ‘साहित्य’ म्हणावयाचे तर कोणत्या आधारावर?

१९६०च्या सुमारास डीसी या प्रकाशनसंस्थेतील संपादक ज्युलियस श्वार्ट्झ याने वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापण्यास प्रारंभ केला. एवढ्या साध्या संपादकीय निर्णयातून पुढचे बरेच काही घडले. गावोगावी एकट्याने अंक जमवणाऱ्यांना एकमेकांचे पत्ते मिळाले. ते परस्परांना थेट पत्रे लिहू लागले. १९६१ मध्ये डेट्रॉइट येथे अध्यापन करणाऱ्या जेरी बेल्स याने ‘ऑल्टर इगो’ ही पत्रिका काढली. आपल्याकडील लघुनियतकालिकांनी सायक्लोस्टाइल यंत्राचा जसा उपयोग केला तसाच हाही प्रकार: थोड्या प्रती, टपालाने वितरण, आणि संपादक-वाचक यांत फारसे अंतर नाही. या पत्रव्यवहारातूनच प्रत्यक्ष भेटीची गरज निर्माण झाली. २७ जुलै १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये एक दिवसाचे संमेलन भरले. ते भरवणारे शाळकरी वयाचे होते. स्पायडर-मॅनचा चित्रकार स्टीव्ह डिट्को तेथे येऊन गेला. पुढील आयुष्यात प्रसिद्धीपासून निग्रहाने दूर राहिलेल्या या चित्रकाराने त्यानंतर अशा संमेलनांना जाणे टाळले, हे येथे सहज नोंदवून ठेवतो.

परंतु आपल्या दृष्टीने निर्णायक प्रसंग पुढच्या वर्षीचा आहे. १९६५च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या संमेलनात बिल फिंगर हा लेखक परिसंवादात बोलण्यासाठी आला. त्याचे नाव बाहेरच्या जगाला जवळजवळ अज्ञात होते. बॅटमॅन प्रथम १९३९ मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात अवतरला; करारानुसार त्याचा निर्माता एकच, बॉब केन. फिंगरशी झालेल्या संभाषणांच्या आधारे बेल्सने त्याच वर्षी एक लेख लिहिला आणि बॅटमॅनच्या वेषापासून कथानकांपर्यंत फिंगरचा वाटा किती मोठा होता हे मांडले. केनने दीर्घ पत्र लिहून त्याचा इन्कार केला व निर्मितीचे श्रेय सर्वस्वी आपले असल्याचा दावा केला. फिंगर १९७४ मध्ये वारला. तोवर त्याला अधिकृत श्रेय मिळालेले नव्हते. १९८९च्या आत्मचरित्रात केनने स्वतःच फिंगरचे नाव घातले जावयास हवे होते अशा आशयाची कबुली दिली. प्रकाशनसंस्थेने फिंगरचे नाव श्रेयनामावलीत घालण्याचे मान्य केले ते २०१५ मध्ये, म्हणजे त्या संमेलनानंतर बरोबर पन्नास वर्षांनी.

या कालक्रमाकडे साहित्यसिद्धांताच्या अंगाने पाहिले तर एक विलक्षण विसंगती दिसते. रोलाँ बार्थचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंध १९६७-६८चा. फूकोचे ‘लेखक म्हणजे काय’ हे व्याख्यान १९६९चे. ज्या वर्षांत पॅरिसमध्ये लेखक ही कोटी विसर्जित केली जात होती, नेमक्या त्याच वर्षांत न्यूयॉर्कमधील हॉटेलांच्या सभागृहांत काही हौशी माणसे एका वाङ्मयप्रकारासाठी ती प्रथमच घडवत होती. बार्थला लेखक नको होता, कारण तो संहितेवर मर्यादा घालतो. परंतु जेथे लेखकाचे नावच प्रकाशनसंस्थेने स्वतःकडे ठेवून घेतले आहे तेथे लेखकाचा मृत्यू ही मुक्तीची घोषणा ठरत नाही. तेथे ती करारपत्रातील एक अट असते. आपल्या विद्यापीठांतून नव्वदच्या दशकापासून बार्थचा हा निबंध जवळजवळ मंत्रासारखा म्हटला गेला. त्याचे म्हणणे कोणत्या प्रकारच्या लेखकाला लागू आहे आणि कोणत्या नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. फिंगर हा बार्थने मारलेला लेखक नव्हे. त्याला अजून जन्मावयाचे होते.

फूकोची मांडणी येथे अधिक उपयोगी पडते. एखादी संहिता अमुक लेखकाची आहे हे कसे ठरवावे यासाठी संत जेरोमने सांगितलेल्या चार कसोट्यांची फूको आठवण करून देतो: गुणवत्तेची समान पातळी, विचारांतील सुसंगती, शैलीची एकता आणि काळाचा मेळ. कॉमिकच्या संग्राहकांनी जेरोम वाचलेला असण्याची शक्यता नाही. पण त्यांनी केले ते हेच. डिस्नेच्या निनावी बदककथांपैकी काही कथा एकाच हाताच्या आहेत आणि तो हात इतरांहून सरस आहे, हे वाचकांनी नाव कळण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते. त्या अज्ञाताला ते ‘चांगला बदक-चित्रकार’ एवढ्याच नावाने ओळखत. कार्ल बार्क्स हे त्याचे खरे नाव काही चिकाटीच्या वाचकांनी पत्रव्यवहार करून १९६०च्या सुमारास मिळवले. बोटे कशी काढली आहेत, कापडाच्या चुण्या कशा पडतात, सावलीसाठी शाई कशी फिरवली आहे, यांवरून हात ओळखण्याची ही विद्या चित्रकलेच्या अभ्यासकांना परकी नाही. एकोणिसाव्या शतकात मोरेलीने कान आणि नखे पाहून इटालियन चित्रांचे कर्ते ठरवले, ते याच रीतीने.

मात्र या विद्येला एक भौतिक अट आहे आणि तीच संमेलनाचे प्रयोजन स्पष्ट करते. हात ओळखावयाचा तर शेकडो अंक शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात. ग्रंथालयांत ते नव्हते. ते कोणाच्या तरी माळ्यावर होते, आणि वर्षातून एकदा टेबलांवर येत होते. म्हणून संमेलनातील विक्रीदालन हे केवळ बाजार नव्हते. ते दोन दिवसांपुरते उघडणारे संदर्भालय होते. फक्त त्यात बसून वाचण्याची फी प्रत विकत घेऊन भरावी लागे.

या दालनात संग्राहक वावरतो कसा, हे थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्याच्या हातात हव्या असलेल्या अंकांची क्रमवार यादी असते. टेबलांवर लांबट पुठ्ठ्याची खोकी, त्यांत अंक उभे, प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत आणि पाठीशी पुठ्ठा. तो दोन बोटांनी अंक पुढे-पुढे ढकलत जातो. ही हालचाल इतकी सरावाची असते की नजर केवळ क्रमांकाच्या कोपऱ्यावर असते. हवा तो अंक सापडला की विक्रेत्याची परवानगी घेऊन तो पिशवीतून काढावयाचा, कण्यावरच्या सुरकुत्या मोजावयाच्या, पिना गंजल्या आहेत का पाहावयाचे, कागदाचा पिवळेपणा आणि वास पाहावयाचा, मधले पान सुटलेले नाही याची खात्री करून घ्यावयाची, एखाद्या जाहिरातीचे कूपन कापून घेतलेले नाही ना हेही पाहावयाचे. मग भावाची घासाघीस. अनुभवी माणूस मोठी खरेदी रविवारी दुपारनंतरवर ठेवतो. खोकी परत गाडीत चढवण्याचा कंटाळा विक्रेत्याला तोवर आलेला असतो. जो असे हिंडतो त्याला अंक वाचता येत नाही असे म्हणणे धाडसाचे आहे. तो अंक वाचतच असतो, फक्त संहितेच्या ज्या थराला आपण वाचनात धरत नाही तो थर वाचत असतो. वॉल्टर बेंजामिनने १९३१च्या आपल्या ग्रंथसंग्रहावरील निबंधात संग्राहक पुस्तके वाचत नाही या आक्षेपाची जी थट्टा केली आहे तिचा रोखही इकडेच आहे.

१९७० मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट याची किंमतसूची प्रथम निघाली. प्रत्येक अंकाला, त्याच्या अवस्थेनुसार, किंमत. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाने या पुस्तकाकडे तुच्छतेने पाहू नये. ही सूची बनवताना कोणत्या मालिकेचे किती अंक निघाले, कोणते पात्र प्रथम कोठे आले, कोणता चित्रकार कोठून कोठवर होता, हे सर्व नोंदवावे लागले. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूचीसाठी जे कष्ट उपसले त्यांच्याशी या खटाटोपाची जातकुळी जुळते. फरक एवढाच की येथे प्रत्येक नोंदीपुढे डॉलरचा आकडा आहे. आणि हा फरक लहान नाही. किंमतसूची येईपर्यंत भाव दोन माणसांच्या बोलण्यातून ठरे; त्यात आवडीला जागा होती. सूचीनंतर आवडीनिवडीचा मध्यवर्ती दर ठरला. चित्रकाराचे नावही या सूचीत आले, पण ते भाव वाढवणारे कारण म्हणून आले. फिंगर-बार्क्स यांच्यासाठी जी नावे शोधली गेली ती न्यायासाठी होती की पुढे-मागे दर ठरवण्यासाठी, असा भेद त्या काळच्या माणसांनी केला नव्हता, आणि तो आज मागे जाऊन करता येईल असे मला वाटत नाही.

न्यूयॉर्कची मोठी संमेलने १९६८-६९ पासून भरवणारा फिल सूलिंग हा ब्रुकलिनमधील शाळेत इंग्रजी शिकवणारा शिक्षक होता. वृत्तपत्रांच्या टपऱ्यांवर अंक जात, न खपलेल्या अंकांची मुखपृष्ठे फाडून परत पाठवली जात, बाकीचा भाग रद्दीत जाई: अशी तेव्हाची वितरणपद्धती होती. १९७३च्या सुमारास सूलिंगने प्रकाशकांपुढे प्रस्ताव ठेवला की आपण अंक परत न करण्याच्या अटीवर, जास्त सवलतीत, थेट घेऊ. त्याला हे धाडस करता आले, कारण कोण काय विकत घेतो हे तो आपल्या संमेलनांत वर्षानुवर्षे पाहत आला होता. या व्यवस्थेवर पुढे खास कॉमिकची दुकाने उभी राहिली. याचा परिणाम असा झाला की प्रकाशक आता संग्राहकासाठीच अंक छापू लागले. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’ या मालिकेचा नवा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला आणि त्याच्या ऐंशी लाखांच्या घरात प्रती विकल्या गेल्या. १९९२च्या नोव्हेंबरात सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या बंद पिशवीत आला. कित्येकांनी दोन घेतले, एक वाचण्यासाठी आणि एक न उघडण्यासाठी. ज्या वस्तूचे मोल लोकांनी ती फेकून दिली म्हणून वाढले होते, ती आता सर्वांनी जपून ठेवली. अर्थातच तिला मोल उरले नाही. काही वर्षांत बाजार कोसळला. डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवीन काही नाही, म्हणून मी तेथे रेंगाळत नाही.

नाव आणि दर यांची गुंतागुंत सर्वांत टोकदारपणे दिसते ती जॅक कर्बीच्या प्रकरणात. कर्बीने मार्व्हलसाठी हजारो पाने रेखाटली. मूळ रेखाटनांची ही पाने संस्थेच्या गोदामात पडून होती, आणि कर्बीला ती हवी होती. ऐंशीच्या दशकात झालेल्या दीर्घ वादानंतर, सहकलावंतांनी आणि वाचकांनी सह्यांची निवेदने काढल्यानंतर, १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पाने त्याला परत मिळाली. मधल्या काळात पुष्कळ पाने गोदामातून बाहेर पडून संग्राहकांच्या हाती गेलेली होती, आणि ती संमेलनांतील गाळ्यांवर उघडपणे विकली जात होती. कर्बी १९७० मध्ये सॅन दिएगोच्या पहिल्या संमेलनाचा पाहुणा होता. तेव्हा सुमारे ३०० माणसे जमली होती. त्याला व्यासपीठावर बसवून सन्मान देणारी संस्था आणि त्याच्या हातून गेलेली पाने विकणारी संस्था, दोन्ही एकच. निवेदनावर सही करणारा आणि पान विकत घेणारा एकच माणूस असणेही अशक्य नव्हते. या माणसाला ढोंगी म्हणणे सोपे आहे. मला तो ढोंगी वाटत नाही. कर्बीचा हात ओळखण्याची जी नजर त्याने कमावली होती तिनेच त्याला ते पान हवेसे केले होते.

१९७७ मध्ये एडगर चर्च या कोलोराडोतील व्यावसायिक चित्रकाराचा अंकसंग्रह बाजारात आला. हजारो अंक, कोरड्या हवेत, रचून ठेवलेले, जणू कालच विकत घेतलेले. हा संग्रह विकत घेणाऱ्या विक्रेत्याच्या दुकानावरून त्याला ‘माइल हाय’ संग्रह म्हणतात. तेव्हापासून ‘चर्चची प्रत’ ही स्वतंत्र कोटी झाली; तोच अंक, त्याच अवस्थेत, परंतु चर्चच्या घरातून आला असेल तर त्याची किंमत अधिक. पोथीच्या शेवटी पुष्पिकेत लेखनिकाचे आणि कधी मालकाचे नाव येते, तसे हे. मात्र पोथीची पुष्पिका ग्रंथकर्त्याचे नाव पुसत नाही. येथे पहिल्या वाचकाचे नाव कर्त्याच्या नावाहून वजनदार होऊ लागले.

यानंतरची पायरी २०००ची. सर्टिफाइड गॅरंटी कंपनी या संस्थेने अंक तपासून, दहा गुणांच्या मापावर त्याची अवस्था ठरवून, कठीण पारदर्शक पेटीत तो कायमचा बंद करून देण्यास आरंभ केला. व्यवहाराच्या दृष्टीने याचे फायदे उघड आहेत. दुरुस्ती लपवलेली प्रत आता सहजी गळ्यात मारता येत नाही, आणि न पाहिलेल्या विक्रेत्याशी सौदा करता येतो. सुपरमॅनचा पहिला अवतार असलेला ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा १९३८चा पहिला अंक, मूळ किंमत दहा सेंट, २०१० मध्ये दहा लाख डॉलरला गेला आणि २०२४ मध्ये त्याची एक प्रत साठ लाख डॉलरला, हे व्यवहार अशा पेटीशिवाय कल्पनेतही येत नाहीत. परंतु पेटीत अंक उघडत नाही. दिसतात ती मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ. वासाने कागद ओळखणे, मधले पान तपासणे, हात ताडून पाहणे ही सारी विद्या एका दशांश अपूर्णांकात आली आणि संग्राहकाच्या हातून एका कार्यालयाकडे गेली. ज्या पत्रसदरांनी एकेकाळी या माणसांना परस्परांचे पत्ते दिले आणि ही संमेलने शक्य केली, ती सदरे ग्रंथरूप पुनर्मुद्रणांत बहुधा वगळलेली असतात; ती फक्त मूळ अंकांत आहेत, आणि अवस्थेने उत्तम असे मूळ अंक आता बंद पेट्यांत आहेत.

सहीचा नियम तर याहून बोलका आहे. संमेलनात लेखक किंवा चित्रकार अंकावर सही करतो. ही सही त्या संस्थेच्या प्रतिनिधीच्या डोळ्यांदेखत झाली असेल तर पेटीवर तसे वेगळ्या रंगाचे लेबल लागते आणि बहुधा किंमत चढते. प्रतिनिधी हजर नसेल तर तीच सही मुखपृष्ठावर कोणीतरी पेनाने काही लिहिले आहे या सदरात जमा होत असे. म्हणजे प्रतीचा दोष. १९६५ मध्ये संग्राहकांनी फिंगरला विचारले होते की हे तू लिहिलेस का, आणि त्याचे उत्तर पुरेसे मानले होते. या नियमाखाली लेखक समोर बसून स्वतःचे नाव लिही आणि त्याला साक्षीदार लागे. देरीदाने सहीविषयी जे लिहिले आहे, की ती पुन्हापुन्हा करता येण्याजोगी असावी लागते आणि म्हणूनच तिच्या अस्सलपणाला आतूनच तडा असतो, त्याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देण्यासाठी मला सापडलेले नाही.

जपानमधील ‘कॉमिकेट’ या संमेलनाचा उल्लेख येथे अपवाद म्हणून करावयास हवा. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत ३२ गटांनी ते सुरू केले आणि तेथे टेबलामागे बसणारा प्रायः स्वतःच छापलेले अंक विकत असतो. तेथे लेखकाला शोधण्याचा प्रश्न येत नाही; वाचकच लेखक झालेला असतो. अमेरिकी संमेलनाच्या आधारे मांडलेले माझे विवेचन तेथे जसेच्या तसे लागू पडणार नाही.

सॅन दिएगोतही आता जुन्या अंकांचे विक्रेते कडेला गेले आहेत. जेथे ३०० माणसे जमली होती तेथे सव्वा लाखाहून अधिक माणसे येतात, आणि येतात ती चित्रपट-मालिकांच्या घोषणा ऐकण्यासाठी. चर्चचा संग्रह विकत घेणारा विक्रेता चव्वेचाळीस वर्षे तेथे गाळा लावत होता. २०१७ मध्ये त्याने तो बंद केला. भारतात हा प्रकार आला तो या अवस्थेतला. फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट येथे पहिले ‘कॉमिक कॉन’ भरले, नंतर ते मुंबईतही येऊ लागले. वेशभूषा, खेळणी, नव्या प्रकाशनांचे गाळे, सह्यांच्या रांगा, सर्व काही असते. संग्राहकांनी पत्रव्यवहारातून घडवलेली पूर्वपीठिका मात्र नव्हती. संमेलन आधी आले. मुंबईतील एका संमेलनात मी जुन्या मराठी इंद्रजाल अंकांची चौकशी केली, तेव्हा गाळ्यावरील मुलाने अत्यंत अगत्याने मला इंग्रजी पुनर्मुद्रणांकडे नेले.

त्याचा काही दोष नाही. प्रश्न आमचा आहे, मराठीच्या प्राध्यापकांचा. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेल्या आणि १९९० पर्यंत चाललेल्या इंद्रजाल कॉमिक्सने मराठीसह अनेक भाषांत वेताळ आणला. एका पिढीच्या वाचनाचा तो भाग होता. ‘बहादूर’चे लेखक आबिद सुरती आणि चित्रकार गोविंद ब्राह्मणिया ही नावे माहीत आहेत, वेताळाचा कर्ता ली फॉक हेही माहीत आहे. पण वेताळाला मराठीत बोलते कोणी केले? त्या अनुवादकांची नावे आपल्या वाङ्मयेतिहासाच्या कोणत्याही खंडात येत नाहीत, भाषांतरमीमांसेच्या अभ्यासक्रमातही नाहीत. फिंगरची जागा आपल्याकडे अजून रिकामी आहे. आणि हे काम पुनर्मुद्रणांवरून होणारे नाही. मूळ वेताळकथांतील देशाचे ‘बंगाला’शी मिळतेजुळते नाव भारतीय आवृत्तीत बंगालशी घोटाळा होऊ नये म्हणून ‘डेंकाली’ झाले. रामा नावाच्या खलपुरुषाचा ‘रामालू’ झाला. पाठचिकित्सेच्या भाषेत ही हेतुतः केलेली पाठांतरे आहेत. मराठी अंकांत ती कोणत्या अंकापासून येतात, सर्वत्र सारखी आहेत का, अनुवादक बदलला की वेताळाची बोलण्याची ढब बदलते का, हे अंक शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव हिंडले; येथे तेवढ्या लांबही जावयाचे नाही. पण आपल्या ग्रंथालयांनी हे अंक घेतले नाहीत, आणि घरोघरच्या प्रती तराजूत घालून रद्दीवाल्याकडे गेल्या.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने या विषयावर लघुप्रबंध लिहिण्याचे ठरवले तेव्हा तिला अंक मिळाले ते जिल्ह्याच्या गावातील एका निवृत्त कारकुनाकडे. किंमतसूची त्यांनी पाहिलेली नाही, कोणत्याही संमेलनाला ते गेलेले नाहीत. अंक पत्र्याच्या दोन ट्रंकांत आहेत, कडुलिंबाचा पाला घातलेला. कोणता अंक कोणाच्या भाषेतला ‘वाटतो’ याविषयी त्यांची स्वतःची मते आहेत, आणि त्यांनी तीन अनुवादक वेगळे केले आहेत. नावे ठाऊक नसल्यामुळे ते त्यांना पहिला, दुसरा आणि तिसरा म्हणतात. विद्यार्थिनी दर शनिवारी तेथे जाते. अंक घरी नेऊ देत नाहीत, पण उघडून वाचू देतात.